खाडीचं पाणी की नळाचं?

मनोरीला माझ्या आत्याच्या घरी एका वैशाखात कोंबड्यांनी जागा बदलली. एरवी उन्हं चढली की त्या माडाखाली पांगायच्या. त्या वर्षी मात्र मागच्या पडवीच्या जोत्याला लागून, हातभर जागेत, पोटं मातीला टेकवून बसायला लागल्या. तिथली माती गार होती. आठवड्याभरात तिथे काळपट ओल दिसू लागली, जोत्याच्या दगडांवर पांढरा लोणा फुलला आणि कडेचं अळू, जे दर उन्हाळ्यात माना टाकतं, ते छत्रीएवढं झालं. आत्याचं निदान तयार होतं. "खाडी वर येतेय रे. भरतीला ओल वाढते, मी बघितलंय."

मी मालाडच्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं. तेव्हा तिचं म्हणणं हसण्यावारी नेण्याचा मोह मला झाला होता, हे कबूल करतो. पण आत्याने खरंच बघितलं होतं. ओल सकाळी सहा-साडेसहाला पसरायची आणि त्या दिवशी भरतीही सहालाच होती. अष्टमी होती ती. मनोरीच्या बायाबापड्यांना भरतीची वेळ विचारायला वर्तमानपत्र लागत नाही. तिथीला पाऊणपट केलं की झालं. आठ पाऊणे सहा, म्हणून अष्टमीला सहाची भरती. आत्याला पाऊणकी अजून तोंडपाठ आहे.

माझं पुढचं सगळं शहाणपण त्या पाऊणकीतच होतं, फक्त ते तिच्याकडे होतं आणि माझ्या ध्यानात उशिरा आलं. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ओल खाडीची असेल तर तीही सरकली पाहिजे. मातीतून झिरपायला पाणी वेळ घेईल, तासभर मागे राहील, पण रोज तेवढंच मागे राहील. सरकणं चुकणार नाही. महापालिकेचं पाणी मात्र पंचांग बघत नाही. आत्याच्या पाखाडीत ते तेव्हा पहाटे साडेपाचला यायचं आणि साडेसातच्या सुमारास जायचं. मी ओलीच्या कडेने खडूची रेघ ओढायला सुरुवात केली, शेजारी वेळ आणि तिथी लिहून. द्वादशीला भरती नऊला, ओल साडेसहाला. पौर्णिमेला भरती पाऊणकीप्रमाणे सव्वाअकराला, प्रत्यक्षात त्याहून थोडी पुढेच. ओल पुन्हा साडेसहाला. आठव्या दिवशी आत्याने स्वतःच रेघा पाहिल्या, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "म्हणजे खाडी नाही तर."

घरातली लपलेली गळती शोधण्याबद्दलची ही पुस्तिका त्या जोत्यापाशी सुरू झाली.

या विषयावरचं बाहेर छापलेलं साहित्य मी आधी वाचलं होतं. बहुतेक ठिकाणी पहिला धडा एकच असतो: घरातले सगळे नळ बंद करा, मीटरचा आकडा टिपा, दोन तास पाणी वापरू नका, पुन्हा आकडा बघा. फरक पडला तर गळती आहे. धडा अगदी बरोबर आहे, फक्त तो चोवीस तास पाणी येणाऱ्या घरासाठी लिहिलेला आहे. आपल्याकडे दुपारी दोन वाजता मीटरसमोर बसलं तर काटा हलणारच नाही. नळीला भगदाड असलं तरी हलणार नाही, कारण त्या वेळी नळीत पाणीच नसतं. माणूस खूश होऊन उठतो आणि गळती दुसऱ्या दिवशी पहाटे, तो झोपेत असताना, आपल्या वेळेवर हजर होते. आपल्याकडे गळती शोधायची तर आधी नळ कोणत्या घटकेला जिवंत असतो ते माहीत हवं. एवढं एक सांगण्यासाठीच मी ही पानं लिहिली, बाकीचा तपशील त्याच्या मागून आला.

ही अडचण आपलीच आहे असंही नाही. इंग्लंडातल्या लिव्हरपूल शहरातही एके काळी पाणी ठरावीक तासच सोडत. तिथला अभियंता जॉर्ज डीकन याने 1873 मध्ये एक मीटर बनवलं, जे एका भागात रात्री किती पाणी जातंय ते कागदावर रेघेने काढून दाखवायचं. मध्यरात्री शहर झोपलेलं असताना रेघ खाली यायला हवी. आली नाही तर पाणी मुरतंय. मग माणसं रस्त्यारस्त्याने व्हॉल्व्हला लोखंडी सळई टेकवून, सळईच्या टोकाला कान लावून ऐकत जायची. एकेक गळती अशी सापडत गेली आणि सतत पाणी देणं परवडू लागलं. सळईला कान लावायची ही विद्या मुंबईच्या पाणीखात्यात आजही आहे. महाराष्ट्रात कऱ्हाडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी देऊन दाखवलं, तिथल्या माणसाला तो पहिला धडा जसाच्या तसा उपयोगी पडेल. मुंबईत मुलुंड आणि वांद्र्याला 2014 नंतर तसा प्रयोग हाती घेतला गेला. मनोरीला अजून घड्याळच बघावं लागतं.

वेळेइतकाच आणखी एक घोळ आहे, तो टाक्यांचा. आपलं घर पाण्याच्या दृष्टीने एक घर नसतंच. मीटरपासून जमिनीतल्या टाकीपर्यंतची नळी हा एक तुकडा, ती फक्त पाण्याच्या वेळी भरलेली असते. जमिनीतली टाकी हा दुसरा; मुंबईत तिला सक्शन टाकी म्हणतात. पंपापासून वरच्या टाकीपर्यंतची नळी तिसरा, तिच्यात पंप चालू असेल तेव्हाच जोर. आणि वरच्या टाकीतून नळांपर्यंत उतरणारी नळी, जिला आपले मिस्त्री डाऊनटेक म्हणतात, ती चौथी. तिला सुट्टी नाही. मीटरला यातला फक्त पहिला तुकडा खरा दिसतो. बाकीच्यांतली गळती त्याला वापरासारखीच दिसते, कारण टाकी रिकामी झाली की ती पुन्हा भरून घेते आणि मीटर इमानदारीने फिरतं.

लोकांना वाटतं की मुख्य नळीवरची गळती सगळ्यात महाग, कारण तिथे जोर जास्त. हिशेब करून पाहा. एक मिलिमीटरचं भोक, म्हणजे जाड सुई टोचल्यासारखं. मीटरपाशी दहा मीटर उंचीइतका दाब असेल तर त्यातून तासाला साधारण पंचवीस लिटर पाणी जातं. पाणी दोन तास येत असेल तर दिवसाला पन्नास लिटर. तेवढंच भोक डाऊनटेकला असेल आणि टाकी नळापेक्षा फक्त तीन मीटर वर असेल, तर तासाला तेरा लिटरच जातात. पण ते चोवीस तास जातात. दिवसाला तीनशेच्या वर. पाचशे लिटरची टाकी दीड-पावणेदोन दिवसांत कोणी तांब्या न बुडवता रिकामी. पंप नेहमीपेक्षा एकदा जास्त लावावा लागतोय असं घरातल्या बाईने म्हटलं, तर तिला वेंधळी ठरवण्याआधी हा हिशेब आठवावा. आमच्या ओळखीच्या एका घरात सुनेवर दोन महिने पाणी उधळल्याचा ठपका होता. शेवटी सापडला तो फ्लशच्या टाकीचा फाटका वॉशर.

फ्लशची टाकी हा सगळ्यात सभ्य चोर. आवाज नाही, ओल नाही, पाणी थेट भांड्यातून गटारात. टाकीत रात्री खाण्याचा रंग टाकावा, अर्धा तास कोणी फ्लश करू नये आणि मग भांड्यात पाहावं. रंग उतरला असेल तर वॉशर गेला. यापेक्षा स्वस्त परीक्षा घरात दुसरी नाही. जिलबीचा रंग चालतो. पोटॅशियम परमँगनेट टाकू नये. डाग घासत बसावं लागतं आणि घरातलं बोलणं खावं लागतं ते वेगळंच.

सक्शन टाकीची परीक्षा काठीने होते. रात्री पंप बंद, आत येणारी तोटी बंद, काठी बुडवून खूण करायची, पहाटे पाणी यायच्या आत पुन्हा बुडवायची. दीड मीटर लांब आणि एक मीटर रुंद टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली तर पंधरा लिटर गेले. मनोरी, गोराई, उत्तन अशा ठिकाणी मात्र या परीक्षेला दुसरी बाजू आहे. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी इतकं वर येतं की टाकीला तडा असेल तर पाणी बाहेर न जाता आत येतं. रात्रीतून पातळी वाढली म्हणून कोणी आनंदून जाऊ नये. ते मातीतलं पाणी आहे, आणि शेजारी शोषखड्डा असेल तर मातीतलंच नाही.

खरं तर नळीचंही तसंच आहे, आणि या गोष्टीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. पाणी बंद झालं की नळी रिकामी होते, आणि कोणी खालचा पंप थेट नळीला लावून ओढत असेल तर तिच्यात पोकळी होते. ज्या भोकातून पहाटे पाणी बाहेर गेलं, त्याच भोकातून दुपारी भोवतालचा चिखल आत ओढला जातो. दुसऱ्या दिवशी पहिली बादली गढूळ येते ती यामुळे. पाण्याचं बिल वाढलं नाही म्हणून गळतीकडे काणाडोळा करणाऱ्यांनी घरातल्या पोटदुखीचाही हिशेब मांडावा.

आता ओल नळाची की पावसाची, हा नेहमीचा प्रश्न. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस अंगावर घेणाऱ्या या किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये भिंतीकडे बघून काही ठरवणं म्हणजे शिमग्यात कोणाचा रंग कोणी लावला ते शोधणं. खरा महिना मे. मेमध्ये जी भिंत ओली राहते ती नळाची, निदान नव्वद टक्के वेळा तरी. पण होतं असं की मेमध्ये पाव्हणे असतात, लग्नं असतात, आणि रंगारी मिळतो. तो पोपडे खरवडतो, ओलीवर पुट्टी फिरवतो, महागातला रंग चढवतो. दिवाळीपर्यंत पुन्हा फुगवटा. ओल्या भिंतीला रंग काढणाऱ्यापेक्षा काढायला सांगणाऱ्याचा दोष जास्त, असं माझं मत आहे. मी स्वतः दोनदा सांगितलं आहे.

खाडीकाठी राहणाऱ्याला मात्र निसर्गाने एक सवलत दिली आहे. इथली तिन्ही पाणी चवीने वेगळी आहेत. मुंबईचं नळाचं पाणी तलावांतलं, शंभर किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून आलेलं, अगदी मऊ. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारी पेनाएवढी यंत्रं हल्ली मिळतात, तीच जी पाणीशुद्धी यंत्रं विकणारे दारात येऊन तुमच्या पेल्यात बुडवतात आणि चेहरा पाडतात. त्या पेनाचा खरा उपयोग इथे आहे. नळाचं पाणी शंभराच्या आसपास किंवा त्याखाली दाखवतं. आत्याच्या विहिरीचं त्याच्या कितीतरी पट. समुद्राच्या पाण्यात लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ, म्हणजे पस्तीस हजार. खाडीकाठच्या डबक्यात पेन बुडवलं तेव्हा त्याने सरळ हात टेकले. जोत्यापाशी वीतभर खणून जमलेलं पाणी मोजलं तर आकडा दोनशेच्या आत होता. खारट मातीतून येताना थोडं मीठ उचललं असणार, पण खाडी ती नव्हती आणि विहीरही नव्हती. क्लोरिनच्या थेंबांची चाचणीही करता येते, नळाच्या पाण्यात टाकले की पिवळं होतं. पण क्लोरिन मातीत मरतो. पिवळं झालं तर नळाचं हे नक्की. झालं नाही तर काहीच नक्की नाही.

आत्याच्या घरी शेवटचा पुरावा मीटरने दिला, तोही पहाटे. पावणेसहाला मी सक्शन टाकीतला बॉलकॉक उचलून सुतळीने बांधला, म्हणजे टाकीची तोटी पूर्ण बंद. त्या नळीवर दुसरा नळ नव्हता. मीटरच्या तबकडीवर एक छोटी तांबडी चांदणी असते, बारीकशा प्रवाहालाही ती फिरते. विजेरी धरून आम्ही दोघं वाकून बसलो होतो. चांदणी फिरत होती. जोरात नाही, कोणी नखाने ढकलतंय अशी. आत्या म्हणाली, "कोण पितंय हे?" मग शेजाऱ्यांची पहार आणली, टोक जमिनीवर टेकवून वरच्या टोकाला कान लावला. अंगणात काही नाही. पायरीपाशी काही नाही. मागच्या दाराच्या उंबरठ्याजवळ मात्र तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा एकसारखा चर्र आवाज. साडेसातला पाणी गेलं आणि आवाजही गेला. नऊ वाजता कोणी कान लावला असता तर त्याने शपथेवर सांगितलं असतं की इथे काही नाही.

मिस्त्री मार्व्याहून बोटीने आला. हत्यारांची पिशवी, पाइपाचा तुकडा, सगळं तरीतून. त्याने पाऊण हात खणलं आणि जी.आय. पाइपाचा एल्बो बाहेर काढला. पाइप वरून ठणठणीत होता. गेला होता तो आट्यांपाशी. आटे पाडताना तिथलं लोखंड खरवडलेलं असतं, म्हणून नळीची भिंत तिथेच सगळ्यात पातळ, आणि जस्ताचा मुलामाही तिथेच उडालेला. त्यावर खाऱ्या जमिनीची ओल. सफेदा आणि सुतळी अजून शाबूत होती, आतलं लोखंड मात्र बिस्किटासारखं. "मास्तर, तुम्ही जागा बरोबर दाखवलीत म्हणून बरं," मिस्त्री म्हणाला, "नाहीतर अख्खी पडवी फोडायला लागली असती." त्याने तिथे प्लॅस्टिकची नळी घातली आणि दुपारच्या बोटीने गेला. अळूने पंधरा दिवसांत माना टाकल्या. आत्या आता त्याला भांड्यांचं पाणी घालते आणि वड्या करताना माझ्याकडे बघते.

खाडीपलीकडे, मालाड-बोरिवलीच्या इमारतींत, गळतीला माणसांचे मजले असतात आणि प्रश्न पाइपाचा कमी, जिन्याचा जास्त होतो. आदर्श उपविधी त्या बाबतीत स्पष्ट आहेत: पावसाची आणि बाहेरच्या सामाईक नळ्यांची गळती सोसायटीच्या खर्चाने, सदनिकेतल्या संडास-सिंकची त्या सदस्याच्या खर्चाने. भांडण होतं ते गळती कुठली हे ठरत नाही म्हणून. वरच्यांच्या न्हाणीघरात नहाणी ट्रॅपला फडक्याचा बोळा घालायचा, दोन बोटं पाणी भरायचं, रंग टाकायचा आणि चोवीस तास सोडायचं. पातळी उतरली आणि खाली छतावर रंगीत डाग आला तर फरशीखालचं जलरोधन गेलं. पातळी तशीच आणि डाग वाढतोय, तर डाऊनटेकचा व्हॉल्व्ह दोन दिवस बंद करून बघायचं. हे सगळं करायला वरच्यांची परवानगी लागते, आणि ती मिळवण्याची चाचणी माझ्याकडे नाही. हल्ली उष्णतेचा कॅमेरा घेऊन माणसं येतात, भिंतीचा निळा-तांबडा फोटो काढतात. कॅमेरा पाणी बघत नाही, तो फक्त थंड जागा दाखवतो. थंड जागा ओलीची असू शकते, तशी एसीच्या नळीचीही. नळीत नायट्रोजनमध्ये मिसळलेला थोडा हायड्रोजन भरून तो कुठून निसटतो ते हुंगणारी यंत्रंही आहेत, आणि ती चांगली आहेत. पण आधी खडू, मग यंत्र.

शहराच्या पातळीवर हेच चित्र मोठ्या अक्षरांत दिसतं. मुंबईला रोज 3,800 दशलक्ष लिटरच्या वर पाणी पुरवलं जातं. त्यातलं पाव किंवा त्याहूनही जास्त गळतीत आणि चोरीत जातं, असं पालिकेचे अधिकारीच वेळोवेळी सांगत आले आहेत. गळती किती आणि चोरी किती हे मात्र कोणाला नीट फोडून सांगता येत नाही. निखिल आनंद यांच्या 2017 मध्ये आलेल्या 'हायड्रॉलिक सिटी' या पुस्तकात या मोजणीतल्या अडचणी फार बारकाईने आल्या आहेत. ज्यांना इंग्रजी वाचण्याचा कंटाळा नाही त्यांनी वाचावं. याच मनोरीत समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प 2020 पासून चर्चेत आहे: आधी रोज 200 दशलक्ष लिटर, पुढे 400. समुद्राचं एक हजार लिटर पाणी गोडं करायला आजच्या तंत्राने साधारण तीन ते चार युनिट वीज लागते. प्रकल्प व्हावा की नाही यावर गावात मतं आहेत आणि मासेमारी करणाऱ्यांची भीती खोटी नाही. तो वाद इथे नको. माझ्या डोक्यात एवढंच येतं की 3,800 चा पाव हिस्सा म्हणजे साडेनऊशे, आणि दोनशे त्याच्यापुढे किती होतात हे आत्याही पावकीवरून सांगेल.

पुस्तिकेची मांडणी चार तुकड्यांप्रमाणे केली आहे: मीटरपासून टाकी, टाकी, पंपाची नळी, डाऊनटेक. सांडपाण्याच्या नळ्यांना वेगळं प्रकरण दिलं आहे, कारण त्या वापरल्यावरच गळतात आणि त्यांना वेगळ्या युक्त्या लागतात. ज्या कामाला मिस्त्रीच हवा तिथे तसं लिहिलं आहे. विजेच्या मोटारीजवळची ओल स्वतः तपासू नये. शेवटी आठ दिवसांचा कोरा तक्ता जोडला आहे. त्यात तारीख, पाणी आलं ती वेळ, गेलं ती वेळ, मीटरचा आकडा, ओलीची रुंदी, आणि तिथी. ज्यांचं घर खाडीपासून लांब आहे त्यांनी शेवटचा रकाना रिकामा ठेवला तरी चालेल.